सुपरकॉम्प्युटिंग शिकायचंय? घरचा लॅपटॉप पुरे

एमएस्सी फिजिक्सला असताना सुपरकॉम्प्युटर म्हटलं की मला पुण्याच्या सी-डॅकचा १९९१चा परम ८००० आठवायचा. काचेपलीकडून बघायची वस्तू. हे शिकायला मोठी संस्था आणि दणदणीत फी लागत असणार, असं धरून चालले आणि दोन वर्षं वाया घालवली. सुरुवात झाली ती भावाच्या जुन्या, चार कोअरच्या लॅपटॉपवर. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे हिशेब करणारा भाग; एकच काम अनेक कोअरना वाटून देणं हेच यातलं मुख्य शिक्षण. उबुंटू ही लिनक्सची एक आवृत्ती आणि काम वाटून घ्यायला लागणारं ओपन-एमपीआय हे सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट.

जगातल्या सर्वांत वेगवान सुपरकॉम्प्युटरच्या टॉप-५०० यादीतली सगळीच यंत्रं नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतात. तेव्हा पहिला महिना नुसती कमांड लाइन. कंटाळा येतो, पण टाळू नका. मग सी किंवा फोर्ट्रान ही प्रोग्रामिंगची भाषा, पुढे ओपनएमपी (एकाच यंत्रातल्या कोअरना काम वाटायला), शेवटी एमपीआय (निरोप पाठवून वेगवेगळ्या यंत्रांनाही काम वाटायला). एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्हिडिओ फुकट आहेत, पैसे पडतात ते परीक्षेचे. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेची ट्यूटोरियल्सही कुणालाही वाचता येतात. मात्र एकच काहीतरी धरा. मी पाच धरली आणि पाचांची पहिली प्रकरणंच वाचत बसले.

माझा पहिला प्रोग्राम पायची किंमत काढायचा. चौरसात यादृच्छिक ठिपके टाकायचे आणि त्यातल्या वर्तुळात किती पडले ते मोजायचं; त्या प्रमाणावरून पाय निघतो. चार प्रोसेसवर, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या चार प्रतींत चालवला, तर एकीपेक्षाही हळू! ठिपके होते हजारच; कामापेक्षा प्रोसेस सुरू करण्यात आणि एकमेकींना निरोप देण्यातच जास्त वेळ जात होता. ठिपके दहा कोटी केल्यावर वेग खरंच वाढला.

पुढचा प्रोग्राम मात्र तिप्पट वेगाच्या वर जाईना. घरी पुरणपोळ्यांचा घाट घातला की चौघी लाटायला बसतात, तवा एकच. तसंच हे. कामाचा दहा टक्के भाग एकामागून एकच होणार असेल, तर चार कोअरवर वेग साधारण तिप्पट होतो, आणि हजार कोअर लावले तरी दहापटीपुढे जात नाही. हा अ‍ॅमडालचा नियम. सूत्र पुस्तकात वाचलं होतं. कळलं ते घड्याळ लावून बसल्यावर.

नंतर गाइडमुळे खऱ्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर, खातं मिळालं. त्यातला एकेक संगणक म्हणजे नोड. पहिल्याच दिवशी प्रोग्राम थेट लॉगिन नोडवर चालवला आणि तासाभरात अ‍ॅडमिनची खरमरीत मेल आली. ते नोड आत शिरायला, फाइली लिहायला, अशा हलक्या कामांसाठी. खरं काम स्लर्मच्या रांगेत टाकायचं; स्लर्म म्हणजे सगळ्यांच्या कामांना पाळी लावून देणारं सॉफ्टवेअर. स्लर्म स्वतःच्या लॅपटॉपवरही बसवता येतं, हे आधी माहीत असतं तर तेवढी शोभा टळली असती.

रांगेत काम टाकताना किती वेळ लागेल ते लिहावं लागतं. लिहिलेली वेळ संपून काम मध्येच मरू नये म्हणून मी दर वेळी चोवीस तास लिहायची आणि दोन-दोन दिवस ताटकळायची. एसटीत जसा एखादा सुटा माणूस कोपऱ्यात मावतो, तशी छोटी कामं मधल्या रिकाम्या वेळात घुसवली जातात. याला बॅकफिल म्हणतात. आता दोन तासांच्या कामाला मी तीन लिहिते. चोवीसवाले अजून रांगेत दिसतात.