बदकाच्या पिल्लांची गादी: आधी पाण्याची सोय, मग भुसा

ब्रूडरमधलं, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीतलं, बदकाचं पिल्लू मलूल दिसलं की बहुतेकांचा हात आधी उबेच्या दिव्याकडे जातो. मी आधी गादीला, म्हणजे पेटीच्या तळाशी अंथरलेल्या थराला, हात लावते. मूठभर भुसा उचलून दाबायचा. तळहाताला ओल लागली किंवा भुशाचा गोळा झाला, तर ती गादी त्याच वेळी बदलायची, संध्याकाळची वाट बघायची नाही.

कोंबडीची पिल्लं वाढवलेली माणसं बदकांसाठीही तशीच तयारी करतात आणि दोन दिवसांत पेटीत चिखल होतो. बदक घास घेतं आणि लगेच पाण्याशी धावतं. चोच बुडवतं, नाकपुड्या धुतं, मान झटकतं. हा खोडसाळपणा नाही. कोरडं खाद्य पाण्याशिवाय त्याच्या घशाखाली नीट उतरत नाही, आणि नाकपुड्या बुडतील एवढं खोल पाणी मिळालं नाही तर नाक आणि डोळे चिकटायला लागतात. पाणी सांडणारच, हे धरूनच पेटी मांडायची.

म्हणून भुशाच्या आधी पाण्याचा कोपरा करा. एक पसरट ट्रे घ्या, त्यावर साधारण १२ मिलिमीटर भोकांची जाळी घट्ट बसवा आणि पाण्याचं भांडं जाळीवर ठेवा. सांडलेलं पाणी खाली ट्रेमध्ये जमतं, गादीत मुरत नाही. ट्रे रोज रिकामा करून धुवायचा. जाळीच्या कडा आत वळवा, नाहीतर तारेची टोकं पायात घुसतात. जाळी फक्त या कोपऱ्यापुरती. सगळा तळ जाळीचा केला तर पिल्लांचे मऊ तळवे सोलवटतात. भांडं असं निवडा की चोच नाकपुड्यांपर्यंत आत जाईल, पण पिल्लू आत उतरू शकणार नाही. पाण्याचा कोपरा दिव्यापासून लांब असू दे, म्हणजे झोपायची जागा कोरडी राहते.

आता गादी. पहिले तीन-चार दिवस मी भुसा घालतच नाही. अंड्यातून नुकतं आलेलं पिल्लू दिसेल त्यावर चोच मारतं, आणि खाद्य कोणतं व भुसा कोणता हे त्याला अजून कळलेलं नसतं. तोवर जुना सुती टॉवेल किंवा खडबडीत रबरी मॅट अंथरा. टॉवेलचे सुटलेले धागे कापून टाका, ते बोटांभोवती गुंडाळले जातात. वर्तमानपत्र मात्र नको, निदान एकटं तरी नको. गुळगुळीत कागदावर पाय घसरतात, मांड्या बाहेर फाकतात आणि पिल्लाला उभं राहता येत नाही. असं झालंच तर दोन्ही पायांना मऊ पट्टीची सैल बेडी घालून ते खांद्यांच्या रुंदीइतक्या अंतरावर ठेवायचे. पहिल्या एक-दोन दिवसांत लक्षात आलं तर पाय बहुतेक वेळा सरळ होतात, उशीर झाला की अवघड जातं.

पिल्लं खाद्याच्या भांड्याकडे आपणहून जायला लागली की गादी बदला. माझी पहिली पसंती रंध्यातून निघणाऱ्या पाइनच्या मोठ्या, कुरळ्या छिलक्यांना. ते ओल शोषतात, पायाला पकड देतात आणि मोठे असल्यामुळे सहसा गिळले जात नाहीत. थर ५ ते ८ सेंटिमीटर. भाताचं तूसही चालतं, पण ते पाणी कमी शोषतं, त्यामुळे पाण्याच्या कोपऱ्याजवळ ते वारंवार बदलावं लागतं. बारीक कापलेला पेंढा मऊ असतो, मात्र तो लवकर कुजतो. करवतीचा बारीक भुसा मी सरळ नाकारते: त्याची धूळ फुप्फुसात जाते आणि पोटात गेला तर साचतो. सीडरसारखं उग्र वासाचं लाकूडही नको, त्यातल्या तेलांच्या वाफा श्वसनमार्गाला त्रास देतात. छिलके सुताराकडून आणत असाल तर त्यात प्लायवूड किंवा रसायन मारलेलं लाकूड नाही, एवढं विचारून घ्या.

ओल्या गादीची मला एवढी भीती वाटते ती बुरशीमुळे. बुरशीचे बीजाणू श्वासातून आत गेले की ॲस्परजिलोसिस हा श्वसनाचा रोग होतो. पिल्लू चोच उघडी ठेवून धापा टाकतं आणि तेव्हा हातात फारसं काही उरलेलं नसतं. खाद्याला बुरशी आली तर त्याहून वाईट. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीमुळे एक लाखाहून जास्त टर्की मेल्या, बदकाची पिल्लंही मेली, आणि त्या तपासातून अफ्लाटॉक्सिन हे विष सापडलं. बदकाचं पिल्लू या विषाला इतकं नाजूक असतं की पुढे ते ओळखण्याच्या चाचणीसाठी हीच पिल्लं वापरली गेली. म्हणून पाण्याशेजारी भिजलेलं खाद्य रोज काढून टाका. पेटीत वाकून वास घ्या, पिल्लांच्या उंचीवर. तिथे डोळे चुरचुरले तर अमोनिया साचला आहे.

उष्णतेचं गणित सोपं आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३२ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. उष्णता एकाच टोकाला द्या, म्हणजे गरम झालं तर पिल्लांना दूर सरकता येतं. एकावर एक गर्दी केली तर थंडी वाजते आहे, कडेला जाऊन धापा टाकत असतील तर उकडतंय. दिवा साखळीने आणि वेगळ्या तारेनेही बांधा. भुशावर पडलेला दिवा म्हणजे आग. टेफ्लॉनचा थर असलेले बल्ब तर कधीच नकोत, तापल्यावर त्यांचा धूर पक्ष्यांना मारतो.

खाद्य औषध न घातलेलं, बारीक दाण्याचं स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांसाठीचं खाद्य, घ्या. पहिले दोन-तीन आठवडे २० ते २२ टक्के प्रथिनं, नंतर १६ ते १८. पिठासारखं खाद्य चोचीला चिकटून सुकतं. कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य देत असाल तर नायसिन या जीवनसत्त्वाकडे लक्ष द्या, बदकांना ते जास्त लागतं आणि कमी पडलं की पाय वाकतात, पिल्लू बसूनच राहतं. खाद्यावर ब्रूअर्स यीस्ट भुरभुरणं हा त्यावरचा सोपा उपाय. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य मात्र देऊ नका, त्यातलं कॅल्शियम पिल्लांना झेपत नाही.

पोहायची घाई करू नका. या वयात पिल्लाची तेलग्रंथी, जिच्या तेलामुळे पिसं भिजत नाहीत, पुरेसं काम करत नाही, आणि पंखाखाली घेणारी आईही इथे नसते. लव भिजते आणि ते गारठतं. दुसऱ्या आठवड्यापासून कोमट, उथळ पाण्यात काही मिनिटं, तुम्ही शेजारी बसलेले असताना. मग टॉवेलने टिपून पूर्ण सुकेपर्यंत उबेत ठेवा.

पिल्लं भराभर वाढतात, त्यामुळे जागा दर आठवड्याला वाढवत न्या. दाटी झाली की कितीही चांगली गादी ओलीच राहते. छिलके वरचेवर हलवा, ओला भाग काढून नवा थर टाका आणि आठवड्यातून एकदा सगळं काढून पेटी धुऊन पूर्ण वाळवा. काम झालं की हात साबणाने धुवा, मुलांचेही धुवायला लावा. निरोगी दिसणाऱ्या पिल्लांकडूनही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू येऊ शकतो.