छातीत दुखणाऱ्या रुग्णाचं ट्रायज: या चुका टाळा

ट्रायजला, म्हणजे कुणाला आधी तपासायचं हे ठरवायला, बसलेल्या नर्सने 'हा हार्ट अटॅक आहे का' हे ठरवायचं नसतं. 'या माणसाला थांबवता येईल का' एवढंच ठरवायचं असतं. बहुतेक गफलती हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळल्यामुळेच होतात.

सगळ्यात महागात पडते ती 'आधी नोंदणी, मग ईसीजी' ही सवय. अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिओलॉजी यांच्या 2021 च्या सूचनांनुसार रुग्ण आल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी काढून तो वाचलेलाही हवा. वेळ मोजायची ती रुग्णाने दारात पाऊल टाकल्यापासून. काढलेला ईसीजी फाइलला लावून ठेवला, तर तो न काढल्यासारखाच. डॉक्टरांच्या हातात द्या आणि वेळ लिहा.

"काही नाही हो सिस्टर, गॅस झालाय." रुग्ण म्हणतो आणि आपण तेच लिहून मोकळे होतो. मधुमेही, वयस्कर आणि स्त्रिया यांच्यात धाप, मळमळ, घाम, जबड्यातलं किंवा पाठीतलं दुखणं एवढंच पुढे येऊ शकतं. म्हणूनच 'ॲटिपिकल' हा शेरा वापरू नका, असं त्या सूचना सांगतात. दुखणं 'हृदयाचं', 'हृदयाचं असू शकतं' की 'हृदयाचं नाही', एवढंच लिहा. जिभेखालच्या गोळीने किंवा ॲसिडिटीच्या औषधाने बरं वाटलं, यावरून काहीही सिद्ध होत नाही.

आता ईसीजीबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे घाई नडते. व्ही-1 आणि व्ही-2 हे छातीवरचे इलेक्ट्रोड हमखास वर लागतात, आणि मग जुन्या अटॅकचा भास होतो. गळ्याखालच्या खाचेतून बोट खाली सरकवा. छातीच्या मधल्या हाडावर आडवा उंचवटा लागेल. त्याच्या शेजारची बरगडी दुसरी, तिच्याखालची फट दुसरी. तिथून मोजत चौथ्या फटीत या. ईसीजीच्या कागदावर लीड-1 ची रेघ पूर्ण उलटी आणि एव्हीआरची सरळ दिसली, तर आधी हातांच्या वायरींची अदलाबदल झाली आहे का ते बघा.

पहिला ईसीजी नॉर्मल आला की रुग्ण रांगेत मागे जातो, हीही चूकच. दुखणं चालू असेल तर ईसीजी पुन्हा काढा. हृदयाच्या मागच्या बाजूची शंका असेल तर पाठीवरच्या व्ही-7 ते व्ही-9 या लीड घ्या. दुखायला लागून तासही झाला नसेल, तर ट्रोपोनिन या हृदयाच्या इजेच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी त्यावर विसंबू नका. बाकावर बसवलेल्याचा बीपी, नाडी आणि रंग अधूनमधून तपासा.

ऑक्सिजनचा मास्क सरसकट नको. सॅच्युरेशन 90 टक्क्यांच्या खाली असेल तरच. नायट्रोग्लिसरिनआधी (तीच जिभेखालची गोळी) बीपी बघा आणि सिल्डेनाफिल 24 तासांत किंवा टॅडालाफिल 48 तासांत (ही लैंगिक दुर्बलतेची औषधं) घेतलंय का, हे नातेवाइकांना बाजूला करून विचारा. सगळ्यांसमोर खरं उत्तर क्वचितच मिळतं.

आणि अचानक काहीतरी फाटल्यासारखी कळ पाठीत गेली असं कुणी म्हणालं, तर मुख्य धमनी फाटल्याची शंका धरा आणि दोन्ही हातांचा बीपी घ्या. फरक 20 च्या वर असेल तर रक्त पातळ करणारं काहीही देण्याआधी डॉक्टरांना बोलवा.