फाट्यावरच्या दुकानांचा कचरा : कुटार, कट्टे आणि एक फसलेलं टाकं

पहिला आठवडा काहीच करू नका, फक्त रोजचा कचरा तोला.

पुसद तालुक्यातल्या एका फाट्यावर माझं चहा-नाश्त्याचं हॉटेल आहे, अठरा वर्षं झाली. सकाळी तर्री-पोहे, दुपारून आलुबोंडा आणि कचोरी, चहा दिवसभर. शेजारी किराणा, पानठेला, कटिंगचं दुकान, पंक्चरवाला आणि कृषी केंद्र. रोजचा कचरा किती, असं कोणी विचारलं असतं तर मी "दोन टोपले" म्हणून मोकळी झाले असते. किराणावाल्या भाऊंचा काटा मागून आणला, सात रात्री तोलला आणि वहीत लिहिला. साध्या दिवशी सात किलो, बाजाराच्या दिवशी सोळा. साध्या दिवसाच्या सातातलं पाच-सव्वापाच किलो ओलं निघालं : कांद्या-बटाट्याची सालं, चहाचा चोथा, सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) काड्या, उष्टं. हे आकडे हातात आल्यावर किती मोठा खड्डा लागेल, किती कट्टे (पोती) लागतील, ते आपोआप कळतं. तुमचे आकडे वेगळे येतील. किराण्यात पुठ्ठाच पुठ्ठा निघतो, पानठेल्यात पुड्याच पुड्या.

त्याआधी मी काय करत होते तेही सांगते. मागच्या नाल्यात टाकत होते आणि उन्हाळ्यात पेटवत होते. सासूबाई खाटेवरून ओरडायच्या, "तू पन्नी जायली का माह्या घशात आग पडते!" पन्नी म्हणजे प्लास्टिकची पिशवी, आणि त्यांचं खरं होतं. उघड्यावर, कमी आचेवर प्लास्टिक जळलं की विषारी धूर होतो, आणि पाइपाचं किंवा वायरीच्या वेष्टनाचं पीव्हीसी त्यात असलं की डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात. आता पेटवणं बंद आहे. थंडीत कागदाची शेकोटी तेवढी होते.

कचरा हातातून सुटतो तिथेच वेगळा करा

एका टोपल्यात सगळं टाकून रात्री निवडू, असं ठरवलं तर ते चार दिवस चालतं. पाचव्या दिवशी पाठ दुखते आणि सगळं नाल्यात जातं. म्हणून भांडी तिथेच ठेवा जिथे कचरा तयार होतो. माझ्या ओट्याखाली सालींचं टोपलं आहे, चहाच्या शेगडीजवळ चोथ्याची बादली, गल्ल्याजवळ कागदासाठी कट्टा. गिऱ्हाइकाला पाट्या लावून काही सांगू नका, कोणी वाचत नाही. बाकड्याच्या टोकाला एक टोपलं ठेवलं आणि बाकी कुठेच ठेवलं नाही, तर माणूस त्यातच टाकतो.

चहाचा चोथा जसाच्या तसा खड्ड्यात गेला की मुंग्या आणि माशा येतात, कारण त्यात दूध-साखर असते. मी गाळणीतला चोथा बादलीत टाकते, वरून तांब्याभर पाणी ओतते, हलवते आणि पाणी कढीपत्त्याला घालते. उरलेला चोथा फोडणीच्या मोहरीएवढा बारीक असतो, खतात तोच सगळ्यात लवकर मुरतो.

उष्ट्याचं एक सांगायचं राहतं. ढोरांना घालतो म्हणून लोक समाधानी असतात. मूठभर ठीक, पण पाटीभर शिळा भात-पोळी एकदम घातली तर गायीच्या पोटात आंबतं, पोट फुगतं, जनावर दगावूही शकतं. शिवाय उष्ट्यात पन्नी गेली की ती पोटातून निघत नाही. भात-पोळी खताला द्या.

खत : कुटार नसेल तर सुरूच करू नका

ओल्या कचऱ्याला वास येतो तो हवा न मिळाल्यामुळे आणि ओल जास्त झाल्यामुळे. त्यावर विदर्भात आपल्याकडे फुकटचं औषध आहे, कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा. सोयाबीन निघाल्यावर पावसात भिजलेलं, ढोरं तोंड लावत नाहीत असं कुटार शेतकरी धुऱ्यावर पेटवून देतात. ते मागून आणा. चांगलं कुटार आणू नका, ते जनावरांचं आहे. दिवाळीच्या आसपास मी जमतील तेवढी चुंगडी (पोती) भरून पत्र्याखाली ठेवते, ती पुढच्या हंगामापर्यंत पुरतात. कमी पडलं तर कडुलिंबाचा पाला, तुरीचा भुसा.

रोजच्या कचऱ्यासाठी 3 फूट लांब, 3 फूट रुंद, 3 फूट उंच असे विटांचे दोन चौक करा. विटा सिमेंटने जोडू नका, मध्ये बोट जाईल एवढी फट ठेवून रचा. खाली वीतभर पऱ्हाट्या (कापसाच्या वाळक्या काड्या) मोडून टाका म्हणजे तळातून हवा फिरते. मग रोज रात्री एक टोपलं ओलं, त्यावर दीड टोपलं कुटार, आठवड्यातून एकदा घमेलंभर शेणकाला आणि दोन ओंजळी माती. अंड्याची टरफलं चुरून टाका. चुलीची राख चिमटीने घाला, पाटीने नको, कारण राखेने नत्र उडून जातं. हाडं आणि मटणाचं उरलेलं नकोच. कुत्रे रात्रीत विटा पाडतात, माझ्या दोनदा पाडल्या.

ओल बरोबर आहे का हे मुठीने पाहा. आतला ऐवज मुठीत दाबला की बोटांमधून एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर कुटार टाका. मूठ उघडल्यावर भुगा सांडला तर पाणी शिंपडा. पारा 45 ला टेकतो त्या मे महिन्यात मला एक दिवसाआड बादली लागते, म्हणून चौक कडुलिंबाच्या सावलीत घेतले. पावसाळ्यात वरून ताडपत्री टाका, बाजू मोकळ्या ठेवा. आत काम चाललंय की नाही हे पाहायचं असेल तर लोखंडी सब्बल मध्यात खुपसून पाच मिनिटांनी काढा. ती कोमट लागली की समजायचं, चाललंय.

पहिला चौक भरायला मला तीन महिने लागतात. मग तो झाकून दुसरा सुरू. दुसरा भरेपर्यंत पहिला काळा, मातीच्या वासाचा होतो. कच्चं खत वावरात नेऊ नका, हुमणी (मुळं खाणारी अळी) लागते.

आता फसलेली गोष्ट. पुसदचंच नाव निघतं म्हणून मला आधी नॅडेप पद्धतीचं खताचं टाकंच करायचं होतं. ना. दे. पांढरीपांडे हे पुसदचे, त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून ही पद्धत नॅडेप झाली. लोक त्यांना नॅडेपकाका म्हणायचे. जाळीदार विटांचं टाकं : आतून 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच. हौसेने बांधलं आणि रोज रात्री त्यात टोपलं उलटं करू लागले. दोन महिन्यांत एका कोपऱ्यात सडका ढीग, दुसरीकडे वाळलेला पाला, वरून माश्यांचं घोंगडं. कोणाला विचारलं नव्हतं, सगळा माझाच शहाणपणा. नॅडेपचं टाकं एक-दोन दिवसांत एकदमच भरायचं असतं. त्याला 1400-1500 किलो काडीकचरा, 90-100 किलो शेण, पावणेदोन टनाच्या आसपास चाळलेली माती आणि दीड-दोन हजार लिटर पाणी लागतं. सहा इंच काडीकचऱ्याचा थर, त्यावर चार-पाच किलो शेणाचं पाणी, त्यावर चाळलेली माती, असे अकरा-बारा थर. वरून शेणामातीने लिंपायचं. पंधरा-वीस दिवसांत ऐवज आठ-नऊ इंच खाली बसतो, तेव्हा पुन्हा भरून लिंपायचं. साडेतीन-चार महिन्यांत खत. एकट्या हॉटेलाने हे कधीच भरणार नाही. आता सहाही दुकानं मिळून आम्ही ते वर्षातून एकदा भरतो, मार्चमध्ये, तुरी निघाल्यावर, शेजारच्या दोन वावरांतल्या काडीकचऱ्यासह. न्हाव्याने वर्षभर पोत्यात साठवलेले केससुद्धा त्यात जातात. मुरायला वेळ घेतात, पण नत्र भरपूर.

सुकं : कबाड्याशी आधी बोला

कबाडी काय घेतो हे त्याला विचारल्याशिवाय काहीही साठवू नका. आमच्याकडे येतो तो पंधरा दिवसांनी हातगाडी घेऊन येतो. पहिल्यांदा मी अभिमानाने दुधाच्या पिशव्यांचं चुंगडं दाखवलं. त्याने एक पिशवी काढली, वास घेतला आणि परत टाकली. "काकू, हे आंबलं हाये. आमच्या गोदामात उंदीर येतात."

तेव्हापासूनची पद्धत अशी. पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नका. तिरका काप द्या, टोक लटकतं राहू द्या. तो सुटा तुकडाच नाल्यात जातो आणि कोणी उचलत नाही. दूध ओतलं की पिशवीत दोन घोट पाणी घालून हलवा, ते पाणी चहाच्या भांड्यात. मग पिशवी आतून-बाहेरून पाण्यात फिरवून खांबाला बांधलेल्या तारेवर उलटी टांगा. संध्याकाळी वाळलेल्या पिशव्या काढून दाबून कट्ट्यात भरा. धुतलेल्या कोरड्या पिशवीला तो आता भाव देतो, चिकट पिशवीला हात लावत नाही.

पुठ्ठा खिळ्याला टांगलेल्या कट्ट्यात ठेवा. जमिनीवर ठेवला तर ओल लागते, उंदीर पिल्लं घालतात, आणि ओला पुठ्ठा तो तोलतच नाही. तेलाचे पिपे चेपू नका, अख्ख्या पिप्याला गावातच गिऱ्हाईक मिळतं. फुटक्या काचा वेगळ्या डब्यात, वर ठळक फुली मारून. सेल आणि बल्ब दुसऱ्या डब्यात.

तळणाचं उरलेलं तेल नाल्यात ओतू नका आणि स्वस्तात दुसऱ्या ठेल्याला विकू नका. तेलातले पोलर घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारे खराब घटक) 25 टक्क्यांवर गेले की ते वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. आपल्याकडे यंत्र नसतं, पण तेल काळं, घट्ट, फेसाळ झालं आणि लवकर धुरायला लागलं की समजून घ्या. माझं फार उरत नाही, कारण कढई लहान केली. गाळून जे उरतं ते गडी वखराच्या पासेला आणि विळ्यांना चोपडतो, पावसाळ्यात गंज धरत नाही. जास्त उरत असेल तर बायोडिझेलसाठी किंवा साबणासाठी घेणाऱ्याचा शहरात शोध घ्या.

जे आणलंच नाही ते टाकावं लागत नाही

कागदी कपात आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून कबाडी घेत नाही आणि ते खतातही जात नाहीत. 2021 मध्ये आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी दाखवलं की अशा कपात 100 मिली गरम पेय पंधरा मिनिटं राहिलं तर प्लास्टिकचे सुमारे 25,000 सूक्ष्म कण त्यात उतरतात. मी काचेचे साठ गिलास घेतले. बाजाराच्या दिवशी धुण्याची तारांबळ होते, महिन्याला चार-पाच फुटतात, तरी कपांच्या खर्चापेक्षा स्वस्त पडतं. पोह्यांना पळसाचे दोने. तर्री गळते, म्हणून एकात एक असे दोन द्या. विकत आणलेल्या पत्रावळीची मागची बाजू नखाने खरवडून पाहा, काहींना खाली चकचकीत प्लास्टिक चिकटवलेलं असतं. भजी रद्दीवर देऊ नका, छपाईची शाई अन्नात उतरते.

प्लास्टिकबंदी महाराष्ट्रात मार्च 2018 पासून आहे. पहिल्या वेळी सापडलं तर दंड 5,000 रुपये. थर्माकोलच्या प्लेटी, प्लास्टिकचे चमचे, स्ट्रॉ देशभर 1 जुलै 2022 पासून बंद आहेत. दंडाच्या भीतीपेक्षा पार्सलवाल्याला "डबा आणा, एक चमचा तर्री जास्त" हे जास्त लागू पडलं.

कृषी केंद्रवाल्यांसाठी एकच गोष्ट, पण ती बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाची. एक म्हातारे बुवा माझ्याकडे फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत दूध मागायला आले होते. धुतलीय म्हणाले. बाटलीवर लाल त्रिकोण होता, म्हणजे अतिविषारी औषधाची खूण. 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात किती घरं उजाड झाली, हे इथे कोणाला सांगावं लागत नाही. रिकामी बाटली वावरातच तीनदा खंगाळा, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता, मग बाटलीला सब्बलीने भोक पाडा, म्हणजे ती पुन्हा भांडं होणार नाही. कबाडाच्या कट्ट्यात तिला जागा नाही. दुकानदाराने परत घेऊन कुलपात ठेवावी आणि कंपनीच्या माणसाकडे तगादा लावावा.

ग्रामपंचायतीकडे जाताना तोंडी जाऊ नका, वहीतले आकडे घेऊन जा. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात 5,000 पर्यंत वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी 60 रुपये धरले होते. आपल्या गावात त्याचं काय झालं, हे ग्रामसभेत लेखी विचारता येतं. एका गावची गाडी मी पाहिली आहे : दोन रंगांचे डबे आणि मागे एकच ट्रॉली, त्यात सगळं एकत्र.

राहता राहिल्या पुड्या. गुटखा राज्यात 2012 पासून बंद, पण त्याच्या पुड्या रस्त्यावर कशा येतात ते पुडीच जाणे. वेफरच्या, शाम्पूच्या, मसाल्याच्या पुड्याही तशाच, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले. कबाडी घेत नाही, माती घेत नाही. सिमेंटच्या भट्टीत कोळशाबरोबर त्या जाळता येतात, पण आमच्या फाट्यावरून तिथवर नेणार कोण? तोवर मी त्या कोरड्या करून, कात्रीने उघडून, दाबून भरते. पत्र्याखाली आज असे चार कट्टे उभे आहेत, तोंडाला सुतळी बांधलेले.