वाइड रिसीव्हर व्हायचंय? मग या चुका टाळा (आणि आधी ते ग्लव्ह्ज काढा)

गेली नऊ-दहा वर्षं रविवारी सकाळी आमचा फ्लॅग फुटबॉल (अमेरिकन फुटबॉलच, पण पाडायचं नाही, कमरेची पट्टी ओढायची) चालतो, न्यू जर्सीत, काउंटीच्या पार्कात. अर्धे आपले मंडळातले, अर्धे शेजारपाजारचे. मी क्वार्टरबॅक, कारण मला पळता येत नाही आणि बडबड येते. दर सप्टेंबरला एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, सुरू झालं की दोन-तीन नवी पोरं येतात, सगळ्यांना वाइड रिसीव्हरच व्हायचं असतं आणि सगळे त्याच चुका करतात. गंमत म्हणजे टीव्हीवरचे रुकी, म्हणजे पहिल्याच मोसमातले खेळाडू, तेसुद्धा त्याच करतात, फरक एवढाच की त्यांच्या चुका स्लो मोशनमध्ये चार कोनांतून दाखवतात. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदा लिहून ठेवतोय, पुढच्या नव्या पोराला हेच फॉरवर्ड करीन.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी दोन ओळी. वाइड रिसीव्हर म्हणजे मैदानाच्या कडेला उभा राहून, ठरलेल्या वाटेने पळून, क्वार्टरबॅकने फेकलेला बॉल पकडणारा. त्या वाटेला रूट म्हणतात. त्याच्यासमोर कॉर्नरबॅक असतो आणि त्याचं काम म्हणजे या माणसाची सकाळ खराब करणं. बॉल घेऊन पलीकडच्या टोकाची गोल लाइन ओलांडली की टचडाउन, आणि अंतर यार्डांत मोजतात.

पकडायच्या आधीच पळायला लागणं

झेल सुटला की लोक म्हणतात हात खराब. अरे हात नाही, डोळे खराब. बॉल अजून हातभर लांब असतो आणि पोराची मान वळलेली असते, समोर किती जागा आहे, कोण येतंय, टचडाउननंतर कसं नाचायचं, सगळं डोक्यात सुरू. गल्लीत टेनिस बॉलने क्रिकेट खेळलेल्याला हे सांगावं लागू नये खरं तर, कॅच हातात शिरेपर्यंत बघायचा हे आपल्याला सहाव्या वर्षी कळतं, मग फुटबॉल हातात आला की विसरतो कुठे?

जेरी राइसचं नाव तरी ऐकलं असेल, बरेच जण त्याला आजवरचा सगळ्यात भारी रिसीव्हर मानतात. १९८५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलच्या टीम कॉलेजची पोरं नंबराने निवडतात त्यात, फोर्टीनाइनर्सनी त्याला सोळाव्या नंबरला घेतलं आणि पहिल्या वर्षी तो झेल सोडण्यासाठी बदनाम झाला होता. बाप गवंडी, उन्हाळ्यात भाऊ विटा फेकायचे आणि हा झेलायचा, म्हणजे हातांचा प्रश्नच नव्हता. तरी सुटत होते. त्याच मोसमात डिसेंबरमध्ये रॅम्सविरुद्ध त्याने एका सामन्यात झेल घेऊन २४१ यार्ड काढले आणि पुढच्या वर्षी १,५७० यार्ड. हात तेच होते हो.

जामार चेसचं २०२१ चं प्रकरण तर मला फार आवडतं. बेंगल्सनी पाचव्या नंबरला घेतलेला, आणि सराव सामन्यांत एकामागून एक झेल सोडतोय. तो म्हणाला, कॉलेजच्या बॉलवर पांढरे पट्टे असतात, एनएफएलच्या बॉलवर नसतात, त्यामुळे बॉल येताना नीट दिसत नाही. लोकांनी काय हसून घेतलं! पण माणूस बरोबर दुखण्यावर बोट ठेवत होता, प्रश्न दिसण्याचा होता, पकडण्याचा नव्हता. मोसम सुरू झाला, १,४५५ यार्ड, १३ टचडाउन आणि रुकी ऑफ द इयर. हसणारे गप्प.

यावर माझा उपाय अगदी घरगुती आहे. जुन्या बॉलच्या टोकाशी काळ्या मार्करने आकडे लिहिलेत, १ ते ९, देवनागरीत. बॉल पकडायचा, आकडा मोठ्याने ओरडायचा, मग काखेत दाबायचा आणि मगच पळायचं. आकडा नाही ओरडला तर कॅच धरत नाही, मग भले उडी मारून एका हाताने घेतलेला असो. शेजारचा बारा वर्षांचा अमेरिकन पोरगा आता पार्कभर "सात! सात!" असं बोंबलतो आणि त्याच्या आईला वाटतं मी त्याला काहीतरी मंत्र शिकवलाय. पाचला तो अजून "पांच" म्हणतो, चालतंय.

आणि ते चिकट ग्लव्ह्ज. पन्नास डॉलरचे ग्लव्ह्ज पहिल्याच दिवशी घालून आलेला पोरगा बघितला की मला लगेच कळतं, हा छातीवर बॉल घेणार. तळवे पुढे काढून, छातीच्या वरचा बॉल असेल तर अंगठे जवळ, खालचा असेल तर करंगळ्या जवळ, एवढं आधी उघड्या हातांनी जमू दे, मग घाल हवं ते. महिनाभर तरी माझ्याकडे ग्लव्ह्ज बंद, हा माझा हट्ट आहे असं समजा.

गोल वळण (यावर मी रागाने लिहिणार आहे)

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबर, मोसमाची शेवटची मॅच, गवत ओलं, आम्ही चार पॉइंटनी पुढे आणि एक फर्स्ट डाउन (पुरेसं पुढे जाऊन बॉल आपल्याकडेच ठेवणं) मिळाला की संपलं. माझा भाचा तेव्हा नुकताच कॉलेजला लागलेला, पायात वारा असलेला पोरगा, पार्कात त्याच्याइतकं जोरात कोणी पळत नाही. मी म्हटलं, दहा यार्डांचा आउट. म्हणजे दहा यार्ड सरळ जायचं, आतला पाय रोवायचा आणि झटक्यात साइडलाइनकडे वळायचं, तेही जरासं माझ्याकडे परत येत. मी बॉल तो वळायच्या आधीच सोडणार, कारण आउट तसाच फेकावा लागतो, तो वळलेला दिसल्यावर फेकला तर उशीर झालेला असतो.

मी सोडला. आणि साहेब वळले कसे, तर घाटात एसटी वळते तसे, ऐसपैस, सगळा रस्ता घेऊन. दहा यार्डांवर वळायचं ते तेरावर पोचले, माझ्यापासून लांब लांब जात. आता बॉल आणि भाचा यांच्या मधे जी मोकळी जागा झाली तिथे समोरच्या टीमचे एक काका आले, वय अठ्ठेचाळीस, गुडघ्याला पट्टा, आणि त्यांनी तो बॉल घेतला, जसा रेल्वेत वरच्या बर्थवरून कोणी डबा खाली द्यावा तसा आरामात. साइडलाइनला पुढे कोणीच नसतं, म्हणून आउटवर इंटरसेप्शन झालं, म्हणजे पास समोरच्यानेच पकडला, की थेट टचडाउन. काका चालत गेले असते तरी झाला असता.

मी मैदानावरच भाच्यावर ओरडलो. तो म्हणाला, "मामा, तू लवकर फेकलास." मी आणखी ओरडलो. संध्याकाळी बायकोने फोनवर काढलेला व्हिडिओ बघितला. तीन यार्ड तो पुढे गेला होता हे खरं. पण त्या पार्कात रेघाच नाहीत. दहा यार्ड कुठे संपतात हे मी त्याला कधी मोजून दाखवलंच नव्हतं. माझे दहा माझ्या डोक्यात, त्याचे दहा त्याच्या पायांत. मग मी त्याला फोन केला, थोडं इकडचं तिकडचं बोललो, सॉरी म्हणालो नाही, पण त्याला कळलं.

तेव्हापासून एक जुना पंचा पिशवीत असतो. मोजून दहा यार्डांवर टाकतो. त्यावर पाय द्यायचा नाही, ओल्या गवतावर घसराल, त्याच्या अलीकडे पाय रोवायचा. पंच्याच्या पलीकडे गेलास की मी बॉल फेकतच नाही, मग तू कितीही मोकळा अस, हात कितीही हलव. आणखी एक, वळायच्या आधी कंबर खाली आली पाहिजे. उभ्या अंगाने कोणालाच काटकोनात वळता येत नाही, खो-खो खेळलेल्यांना विचारा, हूल द्यायची तर आधी खाली बसावं लागतं.

एनएफएलमध्ये रुकी "गायब" होतात ना, त्याचं एक मोठं कारण मला हेच वाटतं. कॉलेजात बरेच क्वार्टरबॅक रिसीव्हर मोकळा दिसल्यावर फेकतात, एनएफएलमध्ये तो मोकळा होण्याआधीच ठरलेल्या जागेवर फेकतात. रुकी अर्धं पाऊल चुकला की इंटरसेप्शन लागतं क्वार्टरबॅकच्या नावावर. असं दोनदा झालं की तो त्या बाजूला बघायचंच सोडतो. आपण सोफ्यावर बसून म्हणतो, याला बॉल का देत नाहीत? कारण टीव्हीचा कॅमेरा बॉलमागे असतो, रूट आपल्याला दिसतच नाही.

बाकीच्या

वेगावर विसंबणं. जॉन रॉसने २०१७ मध्ये ४० यार्ड ४.२२ सेकंदांत पळून विक्रम केला, बेंगल्सनी नवव्या नंबरला उचलला आणि पहिल्या मोसमात त्याचे झेल किती? शून्य. दुखापती होत्या हे मान्य, पण एका लांब पासवर तो मध्येच हळू झाला आणि कोचने ते जाहीर बोलून दाखवलं. वेग असून मध्येच सोडून देणं हे मला सगळ्यात जास्त खुपतं. उलट डीके मेटकाफ बघा, सरळ पळायला ४.३३, पण तीन शंकूंभोवती वळायला ७.३८ सेकंद, म्हणजे क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीपेक्षा हळू, ब्रेडीने २००० मध्ये ७.२० घेतले होते! यावरून मेटकाफची एवढी थट्टा झाली की ६४ व्या नंबरपर्यंत कोणी घेईना. सिअॅटलच्या टीमने जे येतं तेच आधी करायला दिलं, मोजके रूट, आणि पहिल्या वर्षी ९०० यार्ड निघाले.

रील बघून रिलीज शिकणं. कॉर्नर अंगावर येऊन उभा असतो, एनएफएलमध्ये पहिल्या पाच यार्डांत त्याला तुम्हाला ढकलायची मुभा आहे, त्याच्या कचाट्यातून सुटायचं म्हणजे रिलीज. पोरं जागच्या जागी सात पावलं नाचतात, सुंदर दिसतं, पण स्लँटचा (आत तिरका जाणारा छोटा रूट) बॉल तोवर येऊन पडलेला असतो. एक हूल, फार तर दोन, आणि निघा.

खेळ सुरू होतो त्या लाइनवर उभं राहताना रेफरीला न विचारणं. कडेला जो रेफरी असतो त्याच्याकडे बघून हात करायचा, मी बरोबर आहे का, तो सांगतो. फुकट आहे. १० डिसेंबर २०२३ ला चीफ्सचा केडेरियस टोनी पाय लाइनच्या पुढे टाकून उभा राहिला आणि बिल्सविरुद्ध आघाडी मिळवून देणारा टचडाउन रद्द झाला. तो तर रुकीही नव्हता.

ब्लॉक न करणं, म्हणजे बॉलवाल्यासाठी समोरच्यांना न अडवणं. बॉल दुसऱ्याकडे गेला की कमरेवर हात ठेवून बघत उभे. आमच्या फ्लॅगमध्ये ब्लॉकिंग नाही म्हणून सुटता.

आणि ही चूक खेळणाऱ्यांची नाही, बघणाऱ्यांची: एका मोसमात निकाल लावणं. आमच्या ग्रुपवर ऑक्टोबरमध्येच "फुकट गेला पिक" सुरू होतं. दावांते अॅडम्स, २०१४ च्या ड्राफ्टचा, पहिल्या वर्षी ४४६ यार्ड, दुसऱ्या वर्षी घोटा दुखावलेला, झेल सुटतायत, ४८३ यार्ड आणि अख्ख्या मोसमात एक टचडाउन. ग्रीन बेचे लोक त्याला हाकला म्हणत होते. तिसऱ्या वर्षी ९९७ यार्ड आणि १२ टचडाउन, आणि पुढे रिलीज कसा करावा हे शिकवायला लोक त्याचेच व्हिडिओ लावायला लागले. शाळेत बास्केटबॉल खेळायचा, ते पायांत होतंच, बाहेर यायला वेळ लागला.

आमोन-रा सेंट ब्राउन, २०२१, चौथ्या फेरीत ११२ वा, त्याच्या आधी सोळा रिसीव्हर निवडले गेले होते. पहिल्या ११ सामन्यांत ३९ झेल, एकही टचडाउन नाही. शेवटच्या ६ सामन्यांत ५१. हा माणूस सरावानंतर बॉल फेकणाऱ्या मशीनवर रोज २०२ झेल घेतो, दोनशे नाही, दोनशे दोन. माझ्याकडे वीस झेल झाले की पोरं पाणी प्यायला जातात ती परतच येत नाहीत.

शेवटचं, रेषेच्या आधीच बॉल सोडून देणं. २००८ मध्ये डिशॉन जॅक्सन, रुकी, ईगल्स विरुद्ध काउबॉइज, सोमवारची रात्र, लांब पास घेऊन एकटा सुटला आणि गोल लाइनच्या एक यार्ड अलीकडेच बॉल मागे टाकून नाचायला लागला. टचडाउन गेला. बरं, शाळेत असताना एका मोठ्या सामन्यात त्याने कोलांटी मारायच्या नादात हेच केलं होतं! आमच्याकडे नियम साधा आहे, टचडाउन झाला की बॉल आणून माझ्या हातात द्यायचा, टाकायचा नाही, फेकायचा नाही. भाचा आता मुद्दाम दोन्ही हातांनी, वाकून, प्रसादाचं ताट दिल्यासारखा देतो.