दोरीपलीकडचा बर्फ: गुलमर्गला स्की घेऊन निघण्याआधी

दर डिसेंबरात आम्ही चौघं गुहागरच्या किनाऱ्यावर एक पोतं पुरतो. पोत्यात जुन्या चादरी कोंबलेल्या, मधोमध प्लॅस्टिकच्या डब्यात चालू ठेवलेला बीकन, म्हणजे बर्फाखालून सिग्नल पाठवणारं आणि शोधावर टाकलं की दुसऱ्याचा सिग्नल हुडकणारं छोटं यंत्र. एक जण भरतीच्या रेषेच्या बराच वर, कोरड्या वाळूत मांडीभर खड्डा खणून ते पुरतो आणि वाळू सपाट करतो. बाकीचे तिघं तोवर सुरूच्या झाडांकडे तोंड करून उभे. शिट्टी झाली की वळायचं, आपापले बीकन शोधावर टाकायचे आणि घड्याळ लावायचं. पहिल्या वर्षी पोतं बाहेर यायला 23 मिनिटं लागली. त्या रात्री जेवताना कुणी फारसं बोललं नाही. 23 मिनिटांचा अर्थ चौघांनाही ठाऊक होता.

हिमस्खलनात पुरता गाडला गेलेला माणूस पहिल्या 10 मिनिटांत बाहेर निघाला तर दहापैकी नऊ जण जगतात. अर्धा तास उलटला की तिघांतला जेमतेम एक. थंडी नंतर मारते, आधी श्वास कोंडतो. बचावपथक कितीही तरबेज असलं तरी खालून निघून, जागा शोधून 10 मिनिटांत पोहोचणं जवळपास अशक्य. म्हणून तुमचा जीव तुमच्या सोबत वर आलेल्या दोन-तीन माणसांच्या हातात असतो, आणि त्यांचा तुमच्या. पुढे जे लिहिते आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

मी पुण्यात शाळेत भूगोल शिकवते. सह्याद्रीत बरीच वर्षं भटकल्यावर स्की शिकले आणि गेले नऊ हिवाळे गुलमर्गला जाते. आपल्याकडच्या ट्रेकर मंडळींना हे वेड लागताना बघते तेव्हा आनंद होतो आणि काळजीही वाटते. लिंगाणा चढलेल्या माणसाला उंचीची भीती नसते, पण बर्फाचा उतार कड्यासारखा दिसत नाही. तो देखणा दिसतो.

गुलमर्ग साधारण 2,650 मीटरवर आहे. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा तुम्हाला अफरवट डोंगराच्या खांद्यावर, सुमारे 3,950 मीटरवर सोडतो. अर्ध्या तासाच्या आत 1,300 मीटर, आणि पायाला काही श्रम नाहीत. तारांखालचा मुख्य उतार गस्तीचं पथक पाहतं, धोका वाटला तर बंद ठेवतं. त्या उताराची हद्द दाखवणाऱ्या दोरीच्या पलीकडे गेलात की पाहणारे फक्त तुम्ही. पहिले दोन दिवस तरी खालच्या उतारांवरच राहा. डोकं ठणकायला लागलं तर आणखी वर जायचं नाही. चालताना झोक जायला लागला, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला थांबेना, तर कुणाचीही समजूत काढत न बसता त्या माणसाला लगेच खाली आणा, रात्र असली तरी.

आता बर्फाबद्दल. काश्मीरमध्ये 21 डिसेंबरला चिल्लई कलान सुरू होते, 40 दिवसांची सगळ्यात कडक थंडी. या दिवसांत बर्फाचा थर पातळ असला आणि रात्री निरभ्र असल्या, तर जमिनीलगतचा बर्फ शून्याच्या आसपास राहतो आणि पृष्ठभाग पार गारठतो. खालची वाफ वर सरकते आणि मधल्या कणांचे टोकदार, सुटे दाणे होतात. फावड्याने खड्डा खणून तो थर मुठीत घ्या. त्याचा लाडू वळत नाही, जाड रव्यासारखा बोटांतून निसटतो. फेब्रुवारीत पश्चिमी झंझावात येतो आणि या रव्यावर दोन-तीन फूट बर्फ टाकून जातो. वाऱ्याने तो वरचा थर दाबून फरशीसारखा एकसंध झाला की झालं, रव्यावर फरशी ठेवलेली आहे आणि तुम्ही तिच्यावर पाय द्यायला निघाला आहात. 2024 ची जानेवारी काश्मीरमध्ये जवळजवळ कोरडी गेली होती. फेब्रुवारीत भरपूर बर्फ पडला आणि 22 तारखेला गुलमर्गच्या वरच्या खिलनमर्गच्या बाजूला हिमस्खलनात एक रशियन स्कीअर गेला. त्याआधीच्या वर्षी, 1 फेब्रुवारी 2023 ला, अफरवटवरच दोन पोलिश स्कीअर गेले होते.

फरशी कुठे सुटते? बहुतेक वेळा 30 ते 45 अंशांच्या उतारावर. आपल्या इमारतीचा जिना साधारण 30 अंशांचा असतो. म्हणजे जिन्याहून जास्त चढ असलेला, झाडं नसलेला प्रत्येक उतार संशयित. अंदाजावर जाऊ नका, फोनमधलं कोनमापक स्कीच्या काठीवर ठेवून मोजा. तुम्ही स्वतः 20 अंशांवर उभे असाल पण डोक्यावर 38 अंशांचा उतार लटकत असेल, तरी तुम्ही त्याच्याच वाटेत आहात. वाऱ्याकडेही बघा. तिथे जोराचा वारा बहुधा पश्चिमेकडून येतो, धारेपलीकडचा बर्फ उचलून अलीकडच्या, गुलमर्गकडे तोंड असलेल्या उतारावर आणून ओततो. रात्रभर आकाशातून काहीच पडलेलं नसलं तरी सकाळी तो उतार गुडघाभर भरलेला असू शकतो.

नाळेची गोष्ट वेगळी काढून सांगते, कारण सह्याद्रीतली सवय इथे घात करते. आपल्याला नाळ, म्हणजे दोन सोंडांमधली अरुंद घळ, ही उतरायची वाट. बर्फात नाळ म्हणजे गाळणी. वरून आलेला सगळा माल तिच्या बुडाशी साठतो, आणि मोकळ्या उतारावर जे हिमस्खलन तुम्हाला नुसतं आडवं करून गेलं असतं ते इथे दीड-दोन मीटर खाली पुरतं. सोंडेवरून उतरा.

चार वर्षांपूर्वी आम्ही हेच केलं नाही. वादळानंतरचा दुसरा दिवस, ऊन पडलेलं, निघायला अकरा वाजलेले. धारेवरून आडवं जाताना पायाखाली "धप्प" असा आवाज झाला, जणू शेजारच्या खोलीत कुणी गादी आपटली. तो आवाज म्हणजे खालचा रवा कोसळल्याची खबर असते. मी थांबले, मागे वळून पाहिलं, कुणी काही बोललं नाही, आणि मीही बोलले नाही. आमच्यातला सगळ्यात चांगला स्कीअर पहिला नाळेत उतरला. तिसऱ्या वळणाला त्याच्या वरच्या अंगाला एक रेघ उमटली, वहीवर पट्टी धरून मारावी तशी सरळ, आणि रेघेखालचं सगळं चालू लागलं. आम्हाला त्याची केशरी टोपी दोनदा दिसली. मग नाही.

तेव्हापासून आमच्यात एक नियम आहे. ज्याला शंका येईल त्याने ती मोठ्याने बोलायची, आणि एकाची शंका सगळ्यांवर बंधनकारक. धप्प आवाज, स्कीच्या टोकापासून धावत गेलेली भेग, आसपास ताजं सुटलेलं हिमस्खलन, यातलं काहीही दिसलं तर चर्चा नाही, 30 अंशांच्या खाली यायचं. सकाळी डीजीआरईचं (डीआरडीओची बर्फ आणि हिमस्खलनाचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा) हिमस्खलन बुलेटिन वाचायचं. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात येतं. पण बुलेटिन अख्ख्या जिल्ह्याचं असतं, तुमच्या नाळेचं नसतं. उतार एकेकाने उतरायचा आणि बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावरची नजर काढायची नाही. त्या दिवशी आम्ही एवढं एक बरोबर केलं होतं. टोपी शेवटची जिथे दिसली तिथल्या खडकाकडे मी बोट रोखलं आणि ते बोट तसंच धरून खाली उतरले.

कुणी गाडलं गेलं तर आधी वरचा बर्फ अजून लटकत नाही ना हे पाहा, मग उतरा. सगळ्यांनी बीकन शोधावर टाकायचे. एकाचाही प्रक्षेपणावर राहिला तर बाकीचे त्याच्याच मागे धावत राहतात. फोन आणि गरम होणारे हातमोजे शोधणाऱ्या बीकनपासून निदान 50 सेंटिमीटर लांब. माणूस शेवटचा जिथे दिसला त्या जागेच्या खालच्या भागात जा, डोळे बर्फावर ठेवा, काठी, हातमोजा, काहीही वर दिसू शकतं. सिग्नल लागला की बाणामागे झपाझप. 3 मीटरच्या आत आलात की मात्र वेग पार उतरवा. गुडघ्यावर बसा, बीकन बर्फाला जवळजवळ टेकवा, दिशा न फिरवता पुढे-मागे आणि मग डावी-उजवीकडे सरकवा. बीकनवरचा आकडा, म्हणजे मीटरमधलं अंतर, जिथे सगळ्यात लहान तिथे खूण. आमचा आकडा 0.9 वर थांबला होता.

मग प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून चाचपायची लांब घडीची काठी. उताराला काटकोनात घुसवा, आकाशाकडे सरळ धरून नाही. काही लागलं नाही तर 25 सेंटिमीटरवर पुढचं भोक, गोगलगाईच्या शंखासारखं बाहेर बाहेर. जमिनीला प्रोब लागली तर खट्ट वाजते आणि हात झिणझिणतो. माणसाला लागली तर किंचित आत जाते आणि परत ढकलते, भरलेल्या तांदळाच्या कट्ट्यावर काठी टेकवल्यासारखी. हा फरक शब्दांनी कळत नाही, म्हणून तर आम्ही गुहागरला पोतं पुरतो. लागली की प्रोब उपसायची नाही, तिथेच ठेवायची.

सगळ्यात जास्त वेळ खणण्यात जातो. थांबलेलं हिमस्खलन काही सेकंदांत घट्ट होतं, हाताने एक मूठही निघत नाही. प्लॅस्टिकचं फावडं तिथे मोडतं, धातूचंच घ्या. प्रोबच्या डोक्यावर उभं राहून खणू नका, खालच्या माणसाच्या श्वासाची पोकळी दबते. उताराच्या खालच्या अंगाला, खोलीच्या दीडपट अंतर सोडून सुरुवात करा आणि आडवे आत जा. बर्फ वर फेकायचा नाही, ढेकळं कापून मागे ढकलायची. पुढचा माणूस दर मिनिटाला बदला. आधी तोंड आणि नाक मोकळं करा, मग छाती, बाकीचं नंतर. आमचा मित्र अकराव्या मिनिटाला दिसला. ओठ जांभळे, तोंडासमोर हात आडवा, आणि हाताआड नारळाएवढी पोकळी. वाहून जाताना वेग कमी झाल्याचं कळलं तेव्हा त्याने तो हात तोंडाशी नेला होता. हे प्रत्येकाने लक्षात ठेवा: फरशी सुटली की ओरडा, तिरपं बाजूला निसटायचा प्रयत्न करा, एअरबॅग (फुगून माणसाला बर्फाच्या वर ठेवणारी सॅक) असेल तर लगेच ओढा, हातपाय मारत वर राहा, आणि सगळं थांबायला लागलं की हात तोंडापुढे.

श्वास चालू होता. पण कहाणी तिथे संपत नाही, कारण दुपारचे दोन वाजले होते आणि त्याचा गुडघा पिरगळला होता. त्याला बर्फावर तसंच झोपवलं असतं तर पुढच्या तासात थंडीनेच नेलं असतं. अंगाखाली सॅक, दोर, स्किन्स (चढताना स्कीच्या तळाला चिकटवायच्या पट्ट्या), जे असेल ते घाला. वरून पांघरण्यापेक्षा अंग खालच्या बर्फापासून वेगळं करणं आधी. ओले हातमोजे आणि टोपी बदला. पूर्ण शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गोड, कोमट पाणी द्या. ब्रँडी नाही. थरथर चालू आहे तोवर शरीर लढतंय. थरथर थांबली आणि माणूस बरळू लागला, झिप लावता येईना झाली, तर प्रकरण गंभीर आहे, मग त्याला चालवू नका, आडवं ठेवून हळुवार हलवा. बोटं पांढरी, बधिर झाली असतील तर चोळू नका, बर्फाने तर मुळीच नाही. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर वितळवूही नका, खोलीवर पोहोचल्यावर अंगाएवढ्या कोमट पाण्यात बुडवा.

अंधार पडणार असेल तर बळ शिल्लक असतानाच थांबायचं ठरवा. हिमस्खलनाच्या वाटेबाहेर, झाडीत, फावड्याने अंगाएवढा चर खणायला अर्धा तास पुरतो. वर आडव्या स्की, त्यावर प्लॅस्टिक, त्यावर बर्फ, हवेला एक भोक. आम्ही तसा चर खणून त्याला आत बसवला, एक जण खाली गेला, आणि गस्तीच्या मंडळींनी स्लेजवरून त्याला आणलं तेव्हा साडेसात वाजले होते. साडेपाच तास. आणि ही गोंडोलाजवळची गोष्ट आहे.

एक जण खाली का गेला, फोन का नाही केला? कारण महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, आणि चौघांपैकी तिघांकडे प्रीपेड होतं. चौथ्याच्या पोस्टपेडला नाळेत रेंज नव्हती. निघण्याआधी किमान दोघांकडे पोस्टपेड असू द्या, फोन आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा, थंडीत बॅटरी बघता बघता बसते. रेंज असेल तर 112. परदेशी मित्रांकडे दिसणारी उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं आपल्याकडे परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत, विमानतळावरच अडचण होते.

बीकनही भाड्याचा घेतलात तर दुकानातच चालू करून पाहा. आमच्यातल्या एकाला मिळालेल्यात सेल 30 टक्क्यांवर होते आणि दुकानदार म्हणाला, एवढे पुरतील. आम्ही बाजारातून नवे अल्कलाइन सेल आणले. चार्जिंगचे सेल घालू नका, आकडा फसवा दाखवतात. बीकन आतल्या थरावर, पट्ट्यांसकट, जॅकेटच्या खिशात नाही. रोज सकाळी निघताना एकाने उभं राहून बाकीच्यांचं प्रक्षेपण तपासायचं, मग उलट. स्किन्स काढल्यावर कोटाच्या आत ठेवा, गार पडल्या की गोंद धरत नाही आणि परतीचा चढ पायी, कंबरभर बर्फातून चढावा लागतो.

शेवटचं काम खोलीवर. कुठल्या बाजूने उतरणार, कितीजण, जॅकेटचे रंग आणि परत येण्याची वेळ एका कागदावर लिहून हॉटेलच्या माणसाच्या हातात द्या. त्या वेळेनंतर एक तासाने त्याने कुणाला फोन करायचा तो नंबरही त्याच कागदावर लिहा. आणि संध्याकाळी आल्याआल्या, बूट काढायच्या आधी, तो कागद परत मागून घ्या. नाहीतर तुम्ही कहवा पीत बसाल आणि कुणीतरी तुमच्यासाठी अंधारात वर निघालेलं असेल.