ड्युअल बूट अडकलं? फॉरमॅट मारायच्या आधी स्क्रीनवर काय लिहून आलंय ते वाचा

दोन वर्षं लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू शेजारी शेजारी नीट नांदत होते, मग एक दिवस सी ड्राइव्ह भरला म्हणून मी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये गेलो आणि उबुंटूचं पार्टिशन सरळ डिलीट मारलं, म्हटलं तसंही हल्ली वापरत नाही. रीस्टार्ट केल्यावर काळी स्क्रीन, वर जीएनयू ग्रब (कुठली सिस्टिम उघडायची ते विचारणारा लिनक्सचा बूटलोडर) आणि व्हर्जन नंबर, खाली नुसतं ग्रब> आणि लुकलुकणारा कर्सर. विंडोज पण गेलं असं समजून मी दोन संध्याकाळी त्यात घालवल्या. खरं तर विंडोजला काहीच झालं नव्हतं, तिथेच एक्झिट टाइप करून एंटर मारलं असतं तरी बहुधा सुरू झालं असतं. हे मला कळलं तिसऱ्या दिवशी.

म्हणून आधी एवढंच डोक्यात ठेवा, बूट होत नाही याचा अर्थ डेटा गेला असा नसतो. बहुतेक वेळा डेटा जागच्या जागी असतो आणि त्याच्याकडे नेणारी वाट कुठेतरी तुटलेली असते. वाट कुठे तुटलीय हे कळेपर्यंत डिस्कवर काहीही लिहायचं नाही, म्हणजे परत इन्स्टॉल नाही, फॉरमॅट नाही, नवीन पार्टिशन नाही. विंडोजमध्ये "ही डिस्क वापरायची तर फॉरमॅट करावी लागेल" अशी खिडकी आली तर कॅन्सल करा, कारण विंडोजला लिनक्सची ईएक्सटी४ ही फाइलसिस्टिम (फाइली मांडायची पद्धत) वाचता येत नाही आणि जे वाचता येत नाही ते त्याला रिकामं वाटतं.

(कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे.)

हाताशी काय हवं

एक लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून डिस्कवर काही न टाकता लिनक्स थेट चालतं), शक्यतो जे लिनक्स टाकलेलं आहे त्याचाच. विंडोजच्या इन्स्टॉलरचा दुसरा पेनड्राइव्ह असेल तर उत्तम. आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एनक्रिप्शन) चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की, ती आधी शोधून कागदावर लिहून ठेवा, कारण सिक्युअर बूट (फक्त सही असलेले बूटलोडर चालू देणारी बायोसमधली सोय) किंवा बूट ऑर्डरला हात लावला की विंडोज ती मागू शकतं, आणि ती नसेल तर मग बूटलोडर कितीही दुरुस्त करा, आत जाता येणार नाही. विंडोज अजून सुरू होत असेल तर काम चालू असेपर्यंत बिटलॉकर सस्पेंड करून ठेवणं सगळ्यात सोपं.

डिस्क टकटक आवाज करत असेल किंवा साधी फाइल उघडायला मिनिटं लागत असतील तर बूटलोडरचा विषय बाजूला ठेवा. लाइव्ह पेनड्राइव्हवरून स्मार्टसीटीएल (डिस्कची तब्येत सांगणारी कमांड) चालवून १९७ नंबरची ओळ, करंट पेंडिंग सेक्टर, बघा. तिथे शून्य नसेल आणि आकडा वाढत असेल तर आधी डीडीरेस्क्यूने दुसऱ्या डिस्कवर पूर्ण कॉपी काढायची आणि पुढचे सगळे प्रयोग त्या कॉपीवर करायचे.

यूईएफआय की जुनं बायोस, हे आधी ठरवा

मशीन चालू केल्यावर सगळ्यात आधी चालणारं मदरबोर्डचं सॉफ्टवेअर दोन प्रकारचं असतं, नवं यूईएफआय आणि जुनं बायोस (म्हणजेच लेगसी). आपलं कुठलं हे न बघताच लोक नेटवरच्या कमांड चिकटवतात आणि अजून घोळ होतो. विंडोज चालत असेल तर एमएसइन्फो३२ उघडा, त्यात बायोस मोडसमोर यूईएफआय किंवा लेगसी लिहिलेलं असतं. लाइव्ह लिनक्समध्ये /सिस/फर्मवेअर/ईएफआय हा फोल्डर आहे का बघा, असेल तर पेनड्राइव्ह यूईएफआयमध्ये सुरू झालाय. पेनड्राइव्ह त्याच मोडमध्ये सुरू व्हायला हवा ज्या मोडमध्ये मूळ सिस्टिम टाकली होती, नाहीतर ग्रब भलत्याच पद्धतीने बसतं आणि तुम्ही म्हणता कमांड तर बरोबर होती.

जुन्या पद्धतीत सगळा जीव डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये असतो, त्यातले ४४६ बाइट बूट कोडचे, ६४ बाइट पार्टिशन टेबलचे आणि शेवटचे २ सहीचे. म्हणूनच तिथे चारच प्रायमरी पार्टिशन मावतात, आणि म्हणूनच विंडोज नंतर टाकलं की ग्रब पुसलं जातं, जागाच एक आहे ना. यूईएफआयमध्ये तसं नाही. तिथे ईएफआय नावाचं एक छोटं फॅट३२ पार्टिशन असतं, विंडोजने बनवलेलं साधारण १०० एमबीचं, आणि त्यात मायक्रोसॉफ्टचा फोल्डर वेगळा, उबुंटूचा वेगळा. कोणता आधी उघडायचा याची यादी मदरबोर्डच्या मेमरीत असते. म्हणजे यूईएफआयवर दोघं एकमेकांना सहसा पुसत नाहीत, फक्त यादीतला नंबर मागेपुढे होतो.

थेट विंडोज उघडतंय, मेनू येतच नाही

सगळ्यात सोपी केस. मशीन चालू करताना बूट मेनूची की दाबा (एफ१२, एफ९, एस्केप, कंपनीप्रमाणे बदलते) आणि यादीत उबुंटू दिसतंय का बघा. दिसत असेल तर ते निवडा, सुरू झालं की बायोस सेटिंगमध्ये जाऊन त्याला वर आणा, संपलं. लिनक्समधून करायचं असेल तर ईएफआयबूटएमजीआर ही कमांड यादी दाखवते आणि मायनस ओ (स्मॉल ओ, कॅपिटल नाही) लावून क्रम बदलता येतो. काही लॅपटॉप मात्र हट्टी असतात, क्रम बदलला तरी रीस्टार्ट झाल्यावर परत विंडोज वर. तिथे बायोसमध्ये बूटसाठी ईएफआय फाइल स्वतः निवडायची सोय आहे का बघा, ती बऱ्याचदा सिक्युअर बूटच्या आसपास लपवलेली असते.

लिनक्स निवडल्यावर "एसबीएटी सेल्फ चेक फेल्ड" असं काहीतरी येऊन मशीन बंद होत असेल तर तो वेगळा प्रकार आहे. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने जुने लिनक्स बूटलोडर नाकारायला सुरुवात केली आणि बऱ्याच ड्युअल बूटवाल्यांना हे दिसलं. उपाय असा की बायोसमध्ये सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, लिनक्स सुरू करा, टर्मिनलमध्ये "सुडो मोकयूटिल --सेट-एसबीएटी-पॉलिसी डिलीट" चालवा, परत एकदा लिनक्समध्येच रीस्टार्ट करा, सगळे अपडेट घ्या म्हणजे शिम (सिक्युअर बूट चालू असताना ग्रबच्या आधी चालणारा छोटा बूटलोडर) नवीन येईल, आणि मग सिक्युअर बूट चालू करा.

ग्रब> आणि ग्रब रेस्क्यू> एकच नाहीत

नुसतं ग्रब> आलं असेल तर ग्रब पूर्ण लोड झालंय, त्याला फक्त मेनूची फाइल सापडत नाहीये. ग्रब रेस्क्यू> आलं असेल तर त्याला स्वतःचे उरलेले भागही सापडत नाहीयेत. दोन्हीकडे सुरुवात एकच, एलएस टाइप करा. समोर अशी रांग येते:

(एचडी०) (एचडी०,जीपीटी१) (एचडी०,जीपीटी२) (एचडी०,जीपीटी३) (एचडी०,जीपीटी५)

एचडी० म्हणजे पहिली डिस्क, जीपीटी५ म्हणजे तिचं पाचव्या नंबरचं पार्टिशन. आता एकेकाचं दार वाजवत जायचं. "एलएस (एचडी०,जीपीटी५)/" असं लिहा, शेवटचा तिरका दांडा विसरू नका. "अननोन फाइलसिस्टिम" आलं तर ते तुमचं नाही, पुढचं बघा. बूट, ईटीसी, होम अशी नावं दिसली की सापडलं घर.

ग्रब> असेल तर एकच ओळ पुरते:

कॉन्फिगफाइल (एचडी०,जीपीटी५)/बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी

रेस्क्यू असेल तर चार:

सेट रूट=(एचडी०,जीपीटी५)
सेट प्रीफिक्स=(एचडी०,जीपीटी५)/बूट/ग्रब
इन्समॉड नॉर्मल
नॉर्मल

आकडे तुमच्याकडे जे निघतील ते. फेडोरासारख्यात फोल्डरचं नाव ग्रब२ असतं आणि बूटचं पार्टिशन बहुधा वेगळं, तेव्हा मधला बूट गाळावा लागतो. मेनू आला, लिनक्स सुरू झालं, तरी काम झालेलं नाही, ही फक्त त्या एका वेळेपुरती सोय आहे. आत गेल्यावर ग्रब परत बसवा नाहीतर उद्या सकाळी परत हेच.

आणि सगळी दारं वाजवून एकही उघडलं नाही तर माझ्यासारखं तुम्ही पार्टिशनच उडवलंय. यूईएफआय मशीनवर एक्झिट टाइप करा किंवा बूट मेनूतून विंडोज बूट मॅनेजर निवडा. उडवलेलं परत हवं असेल तर त्याचं खाली येतंच.

ग्रब परत बसवणं

लिनक्समध्ये शिरता येत असेल तर उबुंटूवर "सुडो ग्रब-इन्स्टॉल" आणि मग "सुडो अपडेट-ग्रब", बस. शिरताच येत नसेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून. पहिल्यांदा एलएसबीएलके मायनस एफ चालवून कुठलं पार्टिशन काय आहे ते नीट बघा आणि लिहून घ्या, इथे घाई नको. समजा लिनक्स एसडीए५ वर आहे आणि ईएफआय एसडीए१ वर (एनव्हीएमई डिस्क असेल तर नाव एनव्हीएमई०एन१पी५ असं लांबलचक असतं):

सुडो माउंट /डेव्ह/एसडीए५ /एमएनटी
सुडो माउंट /डेव्ह/एसडीए१ /एमएनटी/बूट/ईएफआय

मग डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन हे चार फोल्डर माउंट मायनस मायनस बाइंडने एमएनटीच्या आत जोडायचे, यूईएफआय असेल तर सिसच्या आतला फर्मवेअर/ईएफआय/ईएफआयव्हार्स पण. मग "सुडो क्रूट /एमएनटी" (क्रूटचं स्पेलिंग chroot) म्हटलं की तुम्ही पेनड्राइव्हवर बसून तुमच्या मूळ सिस्टिमच्या आत असता, तिथे वरच्याच दोन कमांड, आता सुडोशिवाय. जुन्या बायोसवाल्यांनी ग्रब-इन्स्टॉलला अख्खी डिस्क द्यायची, एसडीए, एसडीए५ नाही. फेडोरावाल्यांनी यूईएफआयवर ग्रब२-इन्स्टॉल चालवू नये, तिथे शिम आणि ग्रबची पॅकेज परत इन्स्टॉल करायची असतात. हे सगळं नको वाटत असेल तर बूट-रिपेअर नावाचं टूल हेच बटणावर करून देतं, मला स्वतःला हाताने केलेलं बरं वाटतं कारण काय बदललं ते कळतं.

मेनूत विंडोज दिसत नाही

ग्रबच्या २.०६ व्हर्जनपासून (२०२१) दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो, त्यामुळे विंडोज जागेवर असूनही यादीत येत नाही. /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब फाइलमध्ये "ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स" ही ओळ टाका (सगळं कॅपिटलमध्ये, फक्त फॉल्स स्मॉल), सेव्ह करा, अपडेट-ग्रब.

विंडोजचाच बूटलोडर खराब झाला असेल तर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडा. बूटरेक फिक्सबूट सगळे सांगतात पण यूईएफआयवर ते बऱ्याचदा ॲक्सेस डिनाइड म्हणून हात वर करतं. त्यापेक्षा डिस्कपार्टमध्ये लिस्ट व्हॉल्यूम करून फॅट३२ वालं छोटं व्हॉल्यूम निवडा, त्याला एस अक्षर द्या, बाहेर या आणि "बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय" चालवा. पेनड्राइव्हवरून बूट केल्यावर सी हा सी असेलच असं नाही, आधी डीआयआरने खात्री करा. आणि डिस्कपार्टमध्ये क्लीन हा शब्द चुकूनही टाइप करू नका, तो विचारत बसत नाही, पार्टिशन टेबल साफ.

सुरू होतं पण अडखळतं

लिनक्स सुरू होताना दीड मिनिट थांबून मग इमर्जन्सी मोडमध्ये जात असेल तर ९९ टक्के नाही म्हणणार, पण पहिला संशय एफएसटॅबवर (सुरू होताना कुठली पार्टिशन जोडायची त्याची यादी असलेली फाइल) घ्या. पार्टिशन फॉरमॅट केलं की त्याचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) बदलतो आणि /ईटीसी/एफएसटॅबमध्ये जुनाच राहतो, सिस्टिम बिचारी ९० सेकंद त्या नसलेल्या पार्टिशनची वाट बघते. बीएलकेआयडी चालवून नवा आकडा बघा आणि बदला, किंवा ती ओळच नको असेल तर पुढे हॅश टाका.

विंडोजचे ड्राइव्ह लिनक्समधून फक्त वाचता येतात, लिहिता येत नाही? फास्ट स्टार्टअप. विंडोज बंद केलं असं आपल्याला वाटतं, ते अर्धवट झोपलेलं असतं. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शनमध्ये जाऊन ते बंद करा. घड्याळ मागेपुढे होत असेल तर "टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १".

उडवलेलं पार्टिशन परत आणणं

पार्टिशन डिलीट केल्यावर टेबलमधली नोंद जाते, आतला माल तिथेच असतो, जोवर कोणी त्यावर लिहीत नाही तोवर. माझं नशीब असं की मी सी ड्राइव्ह वाढवायच्या आधीच रीस्टार्ट केलं होतं. लाइव्ह पेनड्राइव्हवर टेस्टडिस्क टाका, डिस्क निवडा, टेबलचा प्रकार तो स्वतःच बहुधा बरोबर ओळखतो (नव्या मशीनवर ईएफआय जीपीटी), मग ॲनलाइज, मग क्विक सर्च. सापडलेली पार्टिशन ओळीने येतात. हवं त्या ओळीवर जाऊन पी दाबलं की आतल्या फाइली दिसतात, आणि हे राइट करायच्या आधी करायचंच, कारण नुसती साइज बघून जुनं कुठलंतरी दोनदा फॉरमॅट झालेलं पार्टिशन परत आणलं जाऊ शकतं. दुसरं म्हणजे राइट केल्यावर टेबलमध्ये तेवढंच राहतं जेवढं त्या यादीत निवडलेलं आहे, तेव्हा विंडोजचं आणि ईएफआयचं पार्टिशन पण यादीत आहे ना, ते बोट ठेवून मोजा. डावीकडे डी दिसत असेल तर ते डिलीटेड, बाणाच्या की ने ते पी करायचं.

मी पी दाबलं तेव्हा होम दिसलं, त्यात माझं नाव, त्यात डॉक्युमेंट्स. राइट मारलं, रीस्टार्ट केलं, आणि ग्रबचा मेनू जसाच्या तसा समोर, कारण ईएफआय पार्टिशनमधली ग्रबची फाइल इतके दिवस त्याच पार्टिशनला शोधत बसली होती. सी ड्राइव्ह अजून भरलेलाच आहे.