मॅनेजरच्या हाताखाली चौदा जण आले की आधी काय बदलायचं

अ‍ॅमेझॉनने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं की मॅनेजरांच्या तुलनेत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचं प्रमाण किमान १५ टक्क्यांनी वाढवायचं. ही हवा इंदूरच्या सुपर कॉरिडॉरपर्यंत, म्हणजे तिथल्या आयटी पट्ट्यापर्यंत आली आणि सॉफ्टवेअर टीममध्ये सातऐवजी चौदा जण तुमच्याकडे आले, तर सगळ्यात आधी कॅलेंडर हातात घ्या.

दर आठवड्याला प्रत्येकाशी अर्ध्या तासाचं वन-ऑन-वन म्हणजे सात तास गेले. ते पंधरवड्यावर न्या, साडेतीन तासांत भागतं. नवे आलेले आणि कामात अडकलेले मात्र साप्ताहिकच ठेवा. न्यूयॉर्कच्या क्लायंटचा सकाळी दहाचा कॉल उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात, की तोच कॉल मार्चपर्यंत साडेआठला. (सराफा, म्हणजे इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार, नेमका तेव्हाच भरायला लागतो, इलाज नाही.) त्या महिन्यांत टीमची सकाळची मीटिंग उशिरा ठेवा, नाहीतर माणसं दोन्हीकडून भरडली जातात.

आता खरी गोम. एआयमुळे कोड भराभर लिहून होतो, पण तपासणारे डोळे तेवढेच राहतात. रिव्ह्यूची रांग वाढते आणि कंटाळून कोणीतरी न वाचताच मंजुरी देतं. म्हणून एका पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे तपासायला पाठवलेल्या बदलात, साधारण तीनशेच्या वर ओळी नकोत. जास्त असतील तर तुकडे करायला लावा. पहिला प्रतिसाद चार कामाच्या तासांत मिळावा. कोड कुणीही लिहिलेला असो, तो पाठवणाऱ्याला तोंडी समजावता आला पाहिजे. नवीन पॅकेज (बाहेरून घेतलेला तयार कोड) आलं असेल तर ते खरंच अस्तित्वात आहे का, हे हाताने तपासा: एआय नावं बिनदिक्कत रचतो, आणि तशाच नावाखाली कुणी घातक कोड टाकून ठेवलेला असू शकतो.

स्वतः कोड लिहा, पण स्प्रिंटच्या (एक-दोन आठवड्यांच्या कामाच्या टप्प्याच्या) मुदतीला बांधलेलं फीचर घेऊ नका. मध्येच एस्कलेशन, म्हणजे वरपर्यंत गेलेली तातडीची अडचण, आलं की फीचर तुमच्यापाशीच अडकतं आणि तुम्हाला टोकायला कोणी धजत नाही. कधी पास तर कधी फेल होणाऱ्या टेस्ट, रखडलेली बिल्ड स्क्रिप्ट, जुने लहान बग, ही तुमची कामं.

मोजायचं तर कमिटपासून (कोडमधला बदल नोंदवल्यापासून) प्रॉडक्शनपर्यंतचा (तो ग्राहकाच्या वापरात येईपर्यंतचा) वेळ मोजा आणि किती रिलीज मागे घ्यावे लागले ते पाहा, तेही टीमचं. माणसागणिक कमिट मोजायला लागलात की आठवड्याभरात कमिटांचा पाऊस पडेल, काम तिथंच.